आडव्या बसची बाजू

चिंचवडगावातून सुटणाऱ्या बसच्या कपाळावर ‘मनपा’ अशी पाटी असते. ज्या गावातून ती गाडी सुटते त्याला स्वतःची महानगरपालिका आहे. 11 ऑक्टोबर 1982 पासून आहे, आणि तिची इमारत पिंपरीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागूनच उभी आहे. पण पाटीवरची ‘मनपा’ ती नव्हे. ती पुण्याची, मुठेकाठची. इतक्या वर्षांत हे एवढं अंगवळणी पडलं आहे की इथल्या माणसाला त्यात काही खटकत नाही. बाहेरगावचा पाहुणा मात्र फसतो. काम पिंपरीच्या महापालिकेत असतं आणि गडी शिवाजीनगरला जाऊन उतरतो.

चिंचवडगाव–मनपा, चिंचवडगाव–कात्रज, निगडी–पुणे स्टेशन, निगडी–कात्रज. आमच्याकडच्या भरवशाच्या मार्गांची ही नावंच पाहा. सगळ्यांचं तोंड पुण्याकडे. आता इथला माणूस रोज सकाळी कुठे जातो ते पाहा. भोसरीच्या एमआयडीसीत, तळवड्याच्या आयटी पार्कला, हिंजवडीला, तळेगावला, आणि हल्ली सर्वांत जास्त ऐकू येतं ते नाव म्हणजे चाकण. यातलं एकही ठिकाण पुण्याच्या वाटेवर नाही. पुण्याकडे धावणाऱ्या गाड्यांना मी ‘उभ्या’ म्हणतो आणि उद्योगांच्या या पेठा एकमेकींना जोडणाऱ्या गाड्यांना ‘आडव्या’. आडव्या गाड्या मुळीच नाहीत असं नाही. भोसरीहून मोशी-चाकणवरून राजगुरुनगरला गाडी जाते, निगडीहून हिंजवडीला जाते. पण उभी गाडी ही सेवा आणि आडवी गाडी ही मेहेरबानी, अशी एक समजूत पक्की बसली आहे. माझं भांडण त्या समजुतीशी आहे.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष नीट मांडावा, त्याला लंगडा करून मग पाडू नये, ही आपल्याकडची जुनी शिस्त. सुदैवाने आमच्या सोसायटीत एक काका आहेत, एका कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. ते हा पक्ष माझ्यापेक्षा चांगला मांडतात.

“अहो,” ते म्हणतात, “दुपारी चाकणकडे जाणारी गाडी बघा. ड्रायव्हर, कंडक्टर आणि चार माणसं. कशाला पळवायची? आधीच पीएमपीची तूट दरवर्षी शेकडो कोटींची, आणि त्यातला चाळीस टक्के भार आपल्या महापालिकेवर. कारखान्यांच्या स्वतःच्या बस आहेत. बाकीच्यांकडे दुचाकी आहे. आता तर मेट्रो आली. आणि समजा सोडल्या गाड्या, तरी त्या तळेगाव चौकात अडकूनच पडणार. प्रवासी असते तर गाड्या असत्या. नाहीत, म्हणून नाहीत.”

यात खोटं काही नाही. दुपारची गाडी रिकामी असते. तूट खरी आहे. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी यांचं विलीनीकरण होऊन 2007 साली पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे पीएमपी, झालं, तेव्हापासून पुण्याने 60 आणि पिंपरी-चिंचवडने 40 टक्के भार उचलायचा अशी वाटणी आहे. तोही आकडा बरोबर. चाकणचा तळेगाव चौक ज्याने संध्याकाळी सहा वाजता पाहिला आहे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. काकांचे पुरावे सगळे चोख आहेत. त्यांतून त्यांनी काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला आहे.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. प्रवासी नाहीत म्हणून गाड्या नाहीत. बरं, प्रवासी का नाहीत? गाडी कधी येईल याचा नेम नाही म्हणून. नेम का नाही? गाड्या कमी आहेत म्हणून. कमी का? प्रवासी नाहीत म्हणून. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात: दोन्ही गोष्टी एकमेकींच्या खांद्यावर उभ्या, आणि जमिनीवर कुणाचेच पाय नाहीत. असं विधान सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही. ते फक्त वर्षानुवर्षं चालू राहतं.

याच्या बाहेर पडायला मीमांसकांनी एक चांगलं प्रमाण दिलं आहे, अर्थापत्ती. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी तो धष्टपुष्ट आहे. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. आता या पट्ट्याकडे पाहा. कारखाने चालू आहेत, तिन्ही पाळ्या भरतात, माणसं वेळेवर गेटवर हजर असतात. बसमध्ये मात्र ती दिसत नाहीत. तेव्हा ती दुसऱ्या कशात तरी असली पाहिजेत. कशात, ते पाहायला नाशिक फाट्यावर किंवा भोसरीच्या पुलाखाली पाळी सुटायच्या वेळी उभं राहावं. शेअर रिक्षा, टमटम, मॅजिक, रिकामा परतणारा एखादा टेम्पो, आणि “चाकण चाकण चाकण” अशी एका दमात दिलेली हाळी. ज्या मार्गाला प्रवासी नाहीत म्हणतात त्या मार्गावर माणसं लोंबकळत जातात. बसला नसलेले प्रवासी टमटमला कुठून मिळतात, याचं उत्तर पूर्वपक्षाने द्यायला हवं. त्या टमटमवाल्याकडे ना अनुदान आहे ना डेपो. त्याच्याकडे एकच गोष्ट आहे: तो भरला की निघतो आणि त्याच्या मागे दुसरा उभा असतो. थांबणाऱ्या माणसाला एवढंच हवं असतं.

थांबणं हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. वीस मिनिटांनी एक याप्रमाणे गाड्या नियमित येत असतील, तर सहज स्टॉपवर आलेल्या माणसाला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. त्याच गाड्या, तेवढेच चालक, तेवढाच गॅस. पण गर्दीत अडकून दोन-दोन गाड्या एकापाठोपाठ येऊ लागल्या आणि मध्ये चाळीस मिनिटं काहीच नाही, की सरासरी थांबणं वीस मिनिटांवर जातं. महामंडळाच्या कागदावर काहीही बदललेलं नसतं. फेऱ्या तेवढ्याच, किलोमीटर तेवढेच. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र सेवा निम्मी झालेली असते. आणि पाळीवर जाणाऱ्याला सरासरी कामाची नसते. त्याला सर्वांत वाईट दिवसाचा हिशेब करून घरून निघावं लागतं. सातच्या पाळीला पाच मिनिटं उशीर झाला तर काय होतं ते कंत्राटी कामगाराला विचारा. तो कर्ज काढून दुचाकी घेतो. ती त्याने हौसेने घेतली असं आपण म्हणतो.

याचा अर्थशास्त्रातला विचार जुना आहे. हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1972 साली शहरी बसवर एक निबंध लिहिला, ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त तो छापून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. एखाद्या मार्गावर प्रवासी दुप्पट झाले आणि म्हणून गाड्याही दुप्पट केल्या, तर महामंडळाचा दर माणशी खर्च तेवढाच राहतो. पण प्रत्येकाचं थांबणं निम्मं होतं. म्हणजे बसमध्ये नव्याने चढलेला माणूस आधीच्या सगळ्यांचं भलं करत असतो. रस्त्यावर नवी मोटार आली की याच्या नेमकं उलटं घडतं. ती आधीच्या सगळ्यांचा वेळ खाते. आता जो दुसऱ्यांचं भलं करतो त्याच्याकडून पूर्ण खर्च वसूल करायचा आणि जो दुसऱ्यांचा वेळ खातो त्याला रस्ता फुकट द्यायचा, तर लोक काय निवडतील? मोहरिंगच्या युक्तिवादातून कुठलीही तूट पवित्र ठरत नाही. गाड्या बंद पडतात, सुटे भाग वेळेवर येत नाहीत, ठेके चुकतात, त्या तुटीला काही तात्त्विक आधार नाही. पण “तूट आहे, म्हणजे सेवा अनावश्यक आहे” ही उडी मात्र त्यामुळे मारता येत नाही.

काका हिशेबातले असल्यामुळे त्यांना मी एक हिशेबाचाच प्रश्न विचारला. मार्ग तोट्यात आहे हे कसं कळतं? “किलोमीटरमागे उत्पन्न,” ते म्हणाले. ठीक. आता चिंचवडचा एक माणूस सकाळी पहिल्या गाडीत दिवसाचा पास काढतो. भोसरीला उतरून दुसरी गाडी धरतो, संध्याकाळी तसाच परत येतो. पासचे पैसे जमा होतात पहिल्या गाडीच्या वाहकाच्या मशीनवर. दुसऱ्या गाडीत तो फक्त पास दाखवतो. तेव्हा ते पैसे नंतर मार्गामार्गांवर वाटून दाखवल्याशिवाय दुसरी गाडी कागदावर नेहमीच दरिद्री दिसणार. आणि ती बंद केली की तो माणूस पहिल्या गाडीतही चढणार नाही, कारण त्याला भोसरीपर्यंत नुसतं जायचंच नव्हतं. मग पहिली गाडीही तोट्यात. एकेक धागा ओढून विणलेलं उसवावं तसं हे चालतं. काका यावर गप्प राहिले. ते फार क्वचित गप्प राहतात, म्हणून नोंदवतो.

दुपारच्या रिकाम्या गाडीबद्दलही एक गोष्ट. टेल्को रोड दुपारी अडीच वाजता बराच मोकळा असतो. (कंपनीचं नाव 2003 साली टाटा मोटर्स झालं, रस्त्याने ते अजून मनावर घेतलेलं नाही.) मोकळा असतो म्हणून तो खणून टाकावा, असं कुणी सुचवत नाही. रस्त्याचं उत्पन्न दर किलोमीटर किती, हा प्रश्नच कुणाच्या तोंडी येत नाही. असं का, याचं एक कारण कायद्यात आहे. आपल्या महापालिका ज्या 1949 च्या अधिनियमाखाली चालतात त्यात महापालिकेची कामं दोन वर्गांत लावली आहेत. सार्वजनिक रस्ते बांधणं आणि राखणं हे कलम 63 मध्ये, आवश्यक कर्तव्यांत. लोकांच्या प्रवासासाठी वाहनं चालवणं हे कलम 66 मध्ये, ज्या गोष्टी महापालिकेला वाटल्या तर कराव्यात अशा यादीत. म्हणजे बस ज्यावरून चालते तो रस्ता कर्तव्य आणि बस स्वेच्छा. कायदा झाला तेव्हा लोक चालत किंवा सायकलने कामाला जात, तेव्हा ते शोभून गेलं. 2006 साली केंद्राने राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आणलं आणि रस्त्याचा विचार गाड्यांच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने करायचा असं ठरवलं. महापालिकांच्या अंदाजपत्रकात मात्र अजून कलम 63 आणि कलम 66 यांचंच राज्य आहे. उड्डाणपुलाचा खर्च ‘विकास’ या सदरात पडतो, बसचा खर्च ‘तूट’ या सदरात.

आता कंपनीच्या बसकडे. हा पूर्वपक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि त्याला इतिहास आहे. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, आकुर्डीला बजाज, पिंपरी-चिंचवडला टेल्को, आणि आजूबाजूला माळरान. नगरपालिका व्हायलाच 1970 उजाडलं. कामगार आणायचा तर कारखान्यालाच गाडी पाठवावी लागे. त्यातून कंपनीच्या बसची एक संस्कृतीच तयार झाली. कुणाचा स्टॉप कुठला यावरून लोकांची ओळख सांगितली जाई, बसमध्ये भजनी मंडळं आणि भिशी चाले, मुलीचं लग्न ठरवतानाही मुलाला “कंपनीची बस आहे का” हे विचारलं जाई. म्हणजे नोकरी पर्मनंट आहे का, असा त्याचा अर्थ.

तोच अर्थ आज अडचणीचा आहे. चाकणच्या मोठ्या कारखान्याच्या एका गेटातून आज किती प्रकारची माणसं आत जातात? कायम कामगार, कंत्राटी, ट्रेनी, शिकाऊ, कॅन्टीनवाले, साफसफाईवाल्या बायका, सुरक्षारक्षक, माल उतरवणारे माथाडी. कंपनीची बस यांतल्या सगळ्यांना घेतेच असं नाही. आणि मोठा कारखाना म्हणजे पट्टा नव्हे. भोसरीच्या जे ब्लॉकात, एस ब्लॉकात, कुदळवाडीच्या शेडमध्ये दहा-पंधरा माणसांवर चालणारी वर्कशॉप्स आहेत; कुणी बुश करतो, कुणी प्रेसचे पार्ट, कुणी हीट ट्रीटमेंट. चाकणच्या असेंब्ली लाइनवर मोटार उभी राहते ती या शेडमधून गेलेल्या मालावर. पंधरा माणसांचा मालक बस ठेवू शकत नाही. म्हणून त्याच्याकडे कामगार टिकत नाही. चिखलीत राहणारा चांगला फिटर चाकणला दोन पैसे जास्त मिळत असूनही जात नाही, आणि चाकणला राहणारा भोसरीला येत नाही. मालाला टेम्पो आहे, माणसाला नाही.

शिवाय कंपनीच्या बसचा दुसरा चेहरा रस्त्यावर दिसतो. एकाच वेळी, एकाच रस्त्याने, दहा कारखान्यांच्या दहा गाड्या, कुणी निम्मी भरलेली, कुणी पाऊण. मग दिवसभर त्या कडेला उभ्या. त्या नसत्या तर आणखी कितीतरी दुचाक्या रस्त्यावर आल्या असत्या, हे कबूल. त्या बंद करा असं मी म्हणत नाही. पण “उद्योगांनी आपली सोय केली आहे” हे वाक्य अर्धंच आहे. उद्योगांनी आपल्या निवडक माणसांची सोय केली आहे, असं ते पूर्ण होतं.

मेट्रोचं उत्तर सोपं आहे. 6 मार्च 2022 ला पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली, पुढच्या वर्षी ती सिव्हिल कोर्टला पोहोचली, सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटला. उत्तम झालं, मी स्वतः आनंदाने बसतो. निगडीपर्यंत ती वाढते आहे. पण ती उभी आहे. हिंजवडीचा 23 किलोमीटरचा तिसरा मार्ग, तोही उभा, शिवाजीनगरला जाणारा. दोन्ही मार्गांची गाठ सिव्हिल कोर्टला पडते. म्हणजे चिंचवडच्या माणसाने हिंजवडीला मेट्रोनेच जायचा हट्ट धरला, तर त्याने पुण्याला जायचं, गाडी बदलायची आणि तितकंच अंतर दुसऱ्या बाजूने परत यायचं. हाताच्या अंतरावरच्या शेजाऱ्याकडे जायला चावडीवरून वळसा. मेट्रोमुळे आडव्या बसची गरज संपते म्हणणाऱ्याने नकाशा एकदा पाहावा.

आणि आता खरी गंमत. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून वाकड, नाशिक फाटा, भोसरीवरून चाकणपर्यंत आडव्या मेट्रोचा आराखडा झाला आहे. व्हावी ती मेट्रो. पण आज बसला चार माणसं मिळत नाहीत म्हणून जो मार्ग निरर्थक, त्याच मार्गावर उद्या हजारो कोटींच्या मेट्रोला माणसं भरभरून मिळणार, ही दोन्ही विधानं एकाच तोंडातून येऊ शकत नाहीत. याला वदतोव्याघात म्हणतात. यातलं एक सोडावं लागेल. माझ्या मते पहिलं सोडावं; आणि मेट्रो होईपर्यंतच्या वर्षांत त्या वाटेवर नियमाने बस चालवली तर मेट्रोला आयते प्रवासी मिळतील. माणसाला आधी वाटेची सवय लागते, मग वाहनाची.

राहिली कोंडी. इथे मात्र पूर्वपक्षाच्या बाजूला काही पदरात टाकायला हवं. 24 किलोमीटरचा मार्ग धरू. सरासरी वेग ताशी 16 किलोमीटर असेल तर एका बाजूला दीड तास. टोकाला दहा मिनिटं विसावा धरून जाऊन-येऊन 200 मिनिटं. वीस मिनिटांनी एक गाडी द्यायची तर दहा गाड्या लागतात. वेग 12 वर आला की तोच फेरा 260 मिनिटांचा होतो आणि तीच सेवा द्यायला तेरा गाड्या लागतात. तीन गाड्या, त्यांचे चालक-वाहक, सगळं कोंडीने गिळलं. प्रवाशाला एक मिनिटही जास्त मिळालं नाही. म्हणून नुसत्या गाड्या वाढवा म्हणणं पोकळ आहे, हे मान्य. पण यातून निघतं ते एवढंच, की बसला मोकळी वाट द्या. बस नको, असं यातून निघत नाही. उलट कोंडीत अडकलेल्या दोन मोटारींच्या जागेत पन्नास माणसं जाऊ शकत असतील तर त्या जागेवर पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. नाशिक फाटा ते वाकड बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, 2015 पासून आहे, निगडी ते दापोडी 2018 पासून. त्यांच्यातले दोष सांगायला बसलो तर दुसरा लेख होईल. पण ज्या तुकड्यांत मार्गिका मोकळी असते तिथे बस शेजारच्या मोटारींना मागे टाकून जाते, हे मोटारीत बसूनही दिसतं. काही जणांना तेच खुपतं.

आडवी वाट ही काही माझी नवी कल्पना नाही. ब्राझीलमधल्या कुरितिबाने 1974 मध्ये बसला स्वतंत्र मार्गिका दिली आणि पुढे शहराच्या मध्याला न शिवता उपनगरं जोडणाऱ्या गाड्या सुरू केल्या. लंडनने 2023 मध्ये बाहेरच्या पेठा एकमेकींना जोडणारं ‘सुपरलूप’ नावाचं जलद बसचं कडं घातलं. पण इतकं लांब कशाला जा? देहू-आळंदी रस्ता बघा. तळवडे, चिखली, मोशी करत जाणारी ही वाट पुण्याला विचारत नाही. तुकोबांचं गाव आणि माउलींचं गाव जोडणाऱ्या पायांनी ती पाडली, कारखान्यांच्या कितीतरी आधी. इथल्या भूगोलाची मूळ ठेवणच आडवी आहे. 1972 साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणालाही हे कळलं होतं. कारखान्यांच्या जवळ कामगारांची घरं, आणि त्या वसाहतींना बांधणारा एक कणा, म्हणून स्पाईन रोड. प्राधिकरण 2021 मध्ये विसर्जित झालं. कणा डांबराचा झाला, मज्जारज्जू मात्र त्यात घालायचा राहून गेला.

तर मंडन काय? फार मोठं नाही. चिंचवड स्टेशनहून केएसबी चौक, स्पाईन रोड, मोशीमार्गे चाकण आणि पुढे महाळुंगे ही एक आडवी गाडी. भोसरीहून नाशिक फाटा, वाकडवरून हिंजवडी ही दुसरी. तिला बीआरटीचा तुकडा आयता मिळतो. आणि तळेगाव स्टेशन ते महाळुंगे-चाकण ही तिसरी, कारण पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून धावते आहे आणि चिंचवड, आकुर्डी, देहूरोडचा माणूस तिने तळेगावला झटकन पोहोचतो. वेळापत्रक पुण्याच्या ऑफिसांवरून नको, पाळ्यांवरून हवं. इथल्या एमआयडीसीत अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते आणि रविवारी भोंगा वाजतो, एवढं तरी ते करणाऱ्याला ठाऊक असावं. रात्री पाळी सुटल्यावर एक गाडी नक्की असावी. शेवटची बस चुकेल या धास्तीनेच कितीतरी बायका दुसऱ्या पाळीचं काम सोडतात.

भाड्याबद्दल एवढंच. मुंबईत बेस्टने जुलै 2019 मध्ये किमान भाडं पाच रुपयांवर आणलं तेव्हा प्रवासी परत आले. तूट मात्र मिटली नाही, आणि मे 2025 मध्ये भाडं दहा झालं. पाठोपाठ जूनमध्ये पीएमपीचंही किमान भाडं पाचाचं दहा झालं आणि दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दिवसाचा पास चाळीसचा सत्तर. भाडेवाढीला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण हा पास हद्दीपुरता. चाकण हद्दीबाहेर, खेड तालुक्यात. म्हणजे मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडली की कामगार परगावचा प्रवासी ठरतो आणि त्याला वेगळा, महाग पास लागतो. घर एका हद्दीत आणि काम दुसऱ्या हद्दीत, हे या पट्ट्यात अपवाद नाही, नेम आहे. 2015 पासून या सगळ्या प्रदेशासाठी पीएमआरडीए हे महानगर विकास प्राधिकरण आहे. एक पास आणि तुटीत वाटा, ही दोन कामं तिची आणि एमआयडीसीची आहेत. “चाकणच्या गाडीचे पैसे चिंचवडकराने का भरायचे” असं काका विचारतात. त्यांच्याच वरच्या मजल्यावरचा भाडेकरू चाकणला कामाला जातो आणि त्याच्या पगारातून काकांना दर महिन्याला भाडं मिळतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. शेजारधर्म असतो.

पिंपरी-चिंचवड महापालिकेला आमची विनंती एवढीच आहे. तुटीचा चाळीस टक्के वाटा आपण भरतो, तेव्हा मागायचा हक्क आपला आहे. वरच्या तीन मार्गांवर सकाळी पाच ते रात्री साडेबारा, दर वीस मिनिटांनी गाडी मागा. चाकणची पहिली फेरी सातच्या पाळीआधी गेटवर पोहोचेल अशी लावा. सहा महिने कुणीही त्या वेळापत्रकाला हात लावू नये. पाऊस, निवडणूक, पालखी, काहीही असो. मग सातव्या महिन्यात कंडक्टरच्या मशीनमधले आकडे काढा आणि नाशिक फाट्यावरच्या टमटमही मोजा.